कुप्या कुठे आहेत ते फळ्यावर लिहा
(जिल्ह्याच्या आरोग्य विभागास खुले पत्र)

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
आणि आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी कोकणातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. झेरॉक्स, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचा पत्ता बदलणं आणि हल्ली आयुष्मान कार्डं, अशी कामं. गावात ज्या कागदावर छापील अक्षर आहे तो कागद कधी ना कधी माझ्या टेबलावर येतो. विजेच्या बिलापासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत. "ताई, ह्याच्यात काय लिवलाय ता वाच जरा." तेव्हा मी आरोग्य खात्यातली नसले तरी तुमचे कागद वाचून दाखवण्याचं काम बरीच वर्षं बिनपगारी करते आहे, आणि त्याच अधिकारात हे लिहिते आहे.

आधी झालेली गोष्ट सांगते.

गेल्या मे महिन्यात माझे चुलत दीर बागेचा गडगा रचत होते. पावसाळ्याआधी आमच्याकडे हे काम असतंच. ढासळलेले जांभ्याचे दगड उचलायचे, पुन्हा बसवायचे. संध्याकाळी सव्वासहाला एका दगडाखाली हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. वीतभर फुरसं, विषारी साप. ते आकड्यासारखं वळून अंग घासत करकरत होतं, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. शेजारच्या पोराने गमछा काढून दंडाला आवळायला घेतला. त्याला माझ्या जावेने अडवलं. का, तर आशाताईंनी बैठकीत सांगितलं होतं की बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात हलवू द्यायचा नाही आणि सरळ दवाखाना गाठायचा. ही तुमच्या खात्याची कमाई आहे आणि ती मी पहिल्यांदा लिहिते, कारण पुढे जे येणार आहे ते वाचताना तुम्हाला राग येईल.

सात किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आम्ही सातच्या आत पोचलो. डॉक्टर जागेवर होते. बंधपत्रावर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी आलेला तरुण मुलगा, तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेला. त्याने जे करायचं ते नीट केलं. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेतलं, नळी खिडकीत उभी ठेवली आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं कोणी त्या नळीला हात लावायचा नाही. ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. जाऊ नळीकडे बघत होती, मी जावेकडे. वीस मिनिटांनी त्याने नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलं नव्हतं. म्हणजे विष भिनलेलं होतं आणि प्रतिविष द्यायलाच हवं होतं.

कपाटात प्रतिविषाच्या दोन कुप्या होत्या. सुरुवातीलाच आठ-दहा लागतात.

होत्या त्या दोन त्याने सुरू केल्या आणि १०८ ला फोन लावला. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, ती यायला पस्तीस मिनिटं. मग सव्वीस किलोमीटर घाटरस्ता, ग्रामीण रुग्णालय. तिथे पोचेस्तोवर भावोजींच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं आणि सुई टोचलेली जागाही वाहत होती. तिथे उरलेल्या कुप्या मिळाल्या, चार दिवसांनी ते घरी आले. बोट अजून पुरतं मिटत नाही, पण माणूस आहे.

पंधरा दिवसांनी मला कळलं की त्याच संध्याकाळी खाडीपलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वीस कुप्या पडून होत्या. डॉक्टरही होते. नवीन पूल झाल्यापासून ते केंद्र आमच्या केंद्रापासून अकरा किलोमीटरवर आहे, सपाट रस्ता. डॉक्टर नवा, त्याला पुलाचा रस्ता माहीत नव्हता. आम्हाला पूल माहीत होता, कुप्या माहीत नव्हत्या. आणि ज्या ई-औषधी प्रणालीत कुठल्या केंद्रात काय शिल्लक आहे ते नोंदलेलं असतं, तिचा पासवर्ड औषध निर्माण अधिकाऱ्यांकडे. ते साडेपाचला घरी गेलेले. त्यांची चूक म्हणत नाही, त्यांची वेळ संपली होती.

मला या पत्रात औषधाच्या तुटवड्याबद्दल बोलायचंच नाहीये. तो होतो, का होतो हे तुम्हाला जास्त ठाऊक. त्या दिवशी आमच्या तालुक्यात औषध होतं, डॉक्टर होते, रस्ता होता. कुठे आहे हे माहीत असलेला माणूस तेवढा कोणी तिथे नव्हता.

आता आमच्या केंद्राच्या भिंतीवर काय काय लिहिलं आहे ते सांगते, मी मुद्दाम वही घेऊन गेले होते. दर्शनी भिंतीवर नागरिकांची सनद, ऑइलपेंटने, बारीक अक्षरात. खालचा अर्धा भाग पावसाने गेलेला. शेजारी हात धुण्याच्या पायऱ्या. मुलीच्या जन्माचं स्वागत करा. क्षयरोगाचा फलक, चांगला आहे, मोठ्या अक्षरात आहे. दोन माजी पदाधिकाऱ्यांची नावं असलेली उद्घाटनाची कोनशिला, संगमरवरी, तिच्यावरचं एक अक्षर पुसलेलं नाही. एवढ्या भिंतीत आज रात्री इथे कोण आहे आणि कपाटात काय आहे, याला वीतभर जागा नाही.

आमच्या गावातल्या रेशन दुकानाबाहेर फळा असतो. गहू किती आला, तांदूळ किती शिल्लक, भाव काय, दुकान उघडं केव्हा. तो लावणं दुकानदारावर बंधनकारक आहे, आणि नाही लावला तर बायका त्याला सोडत नाहीत. एसटी स्टँडवरचा नियंत्रक गाडी रद्द झाली की खडूने लिहितो. तांदळाचा साठा आम्हाला दाखवायला चालतो, तर सर्पदंशाच्या औषधाचा आणि कुत्र्याच्या लशीचा का चालत नाही?

हा प्रश्न मी तालुक्याच्या एका बैठकीत विचारला होता. उत्तर मिळालं ते प्रामाणिक होतं, म्हणून इथे मांडते, कोणी दिलं ते सांगत नाही. एक म्हणजे, साठा रोज बदलतो, फळा जुना झाला तर लोक चुकीच्या ठिकाणी जातील. दुसरं, जरा आवाज खाली घेऊन, "ताई, शून्य लिहिलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो."

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वर तारीख आणि वेळ घाला. सोमवारचा फळा गुरुवारी वाचणाऱ्याला तारीख बघून अंदाज येतो, आणि खाली फोन नंबर असला तर तो विचारून निघतो. तो नंबर मात्र रात्री उचलला गेला पाहिजे. लँडलाइनचा, कुलूपबंद खोलीत वाजणारा नंबर लिहायचा असेल तर नका लिहू.

दुसऱ्या भीतीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण मला वाटतं सगळं तिथेच अडलेलं आहे. शून्य लपवून ठेवलं की ते कधी उघड होतं? रात्री साडेसातला, व्हरांड्यात, चार नातेवाईक बेभान असताना. तेव्हा समोर कोण असतं? तुम्ही नसता, तुमचे तालुका अधिकारी नसतात. असते ती ड्यूटीवरची एकटी सिस्टर किंवा तो बंधपत्रावरचा मुलगा. शिव्या ते खातात. क्वचित मारही तेच खातात. तेच शून्य सोमवारी सकाळी फळ्यावर दिसलं असतं तर कदाचित पेपरात फोटो आला असता, हे खरं. पण बुधवारपर्यंत कुप्याही आल्या असत्या. सरपंचांनी फोन केला असता, आमदारांच्या पीएला कोणी पकडलं असतं. आमच्याकडची माणसं भांडखोर आहेत, त्यांचं भांडण वेळेवर तुमच्या उपयोगी पडू द्या.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी मला हे सगळं झाल्यावर कळली. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. दोघांची पत्रं वेगळी, साठे वेगळे, बैठका वेगळ्या. म्हणून पत्रावर दोघांचीही नावं घातली. फुरसं चावलेल्या माणसाला हा फरक माहीत नसतो आणि माहीत असून त्याने करायचं तरी काय? फळ्यावर दोन्हीकडचं एकत्र यायला हवं, नाहीतर अर्धाच फळा होईल.

ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या फुरशामागे सरकार बक्षीस देत असे आणि त्यासाठी मेलेली फुरशी मोजून घेतली जात. मोजणीची सवय सरकारला जुनी आहे. आजही उपकेंद्रातली सिस्टर जेवढी रजिस्टरं भरते तेवढी आमचे तलाठीही भरत नसतील. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना कळवलं की सर्पदंशाची प्रत्येक घटना नोंदवणं सक्तीचं करा. उत्तम. म्हणजे नोंदी आणखी वाढणार, खालून वर जाणार. वरून खाली काय येणार, एवढंच मला विचारायचं आहे.

कारण हे फक्त सापाचं नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तुमचे आरोग्यसेवक गावातल्या विहिरी, टाक्या, नळ तपासतात. गळती आहे का, विहिरीला कठडा आहे का, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आहे का, जलसुरक्षक पाण्यातलं क्लोरीन बघायची ओटी टेस्ट करतो का. त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं: लाल, पिवळं, हिरवं, सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. इतकी साधी, पोरालाही कळेल अशी पद्धत आपल्या राज्यात आहे याचा मला अभिमान वाटायला हवा. आमच्या गावाचं कार्ड पिवळं आहे, हे मला ग्रामपंचायतीचा एक भलताच कागद झेरॉक्सला आला, त्याच्या मागे टाचलेलं होतं म्हणून कळलं. गावात कोणाला विचारा, रंग सांगता येणार नाही. ग्रामसेवकांच्या कपाटात ते कार्ड आहे. पिवळं का, तर वरच्या वाडीच्या विहिरीशेजारी गुरं धुतात आणि सांडपाणी परत आत झिरपतं, असं शेऱ्यात लिहिलंय. ही गोष्ट वरच्या वाडीला कळली असती तर त्यांनीच दोन दिवसांत चर खणला असता. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले आणि पाण्यावर संशय आला, तेव्हा शिकल्यासवरल्या सोसायट्यांतली माणसंसुद्धा पहिल्यांदाच विचारू लागली की आपल्या नळाला पाणी नक्की कुठल्या विहिरीचं येतं. आम्हाला ते माहीत आहे, विहीर डोळ्यासमोर आहे. तिचा रंग तेवढा सांगा. ग्रामसभेत वाचा, विहिरीच्या कठड्यालाच फासा.

लेप्टोच्या, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या, गोळ्यांचंही तसंच. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहणाऱ्यांसाठी आठवड्याला एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिन तुमच्या आशाताई घरोघर देतात. चांगलं काम आहे. पण गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकींच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, बिस्किटाच्या डब्यात मला त्या गोळ्यांची अख्खी पट्टी सापडली. "तापाच्या हायत, ताप इलो की घेतलंय." ताप येऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या, हे त्यांना कोणी सांगितलं नसेल असं नाही. आशाताईने सांगितलं असणार, चाळीस घरं करता करता, छत्री सावरत. पण सोबत जो कागद होता त्यावर अशा धाटणीचं वाक्य होतं: लेप्टोस्पायरोसिससदृश लक्षणे आढळून आल्यास नजीकच्या शासकीय आरोग्य संस्थेशी त्वरित संपर्क साधावा. मी दिवसभर सरकारी मराठी टाइप करते, तरी मला ते दोनदा वाचावं लागलं.

हेच असं लिहिता येतं: उंदराच्या मुताने खराब झालेलं पाणी पायाच्या जखमेतून अंगात जातं. पायाला चीर असेल तर उघड्या पायाने शेतात उतरू नका. ही गोळी सोमवारी जेवणानंतर घ्या, ताप नसला तरी घ्या. पोटुशी बाईला आणि लहान मुलांना देऊ नका. ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली, तर घरी थांबू नका. आणि खाली, कुठे जायचं त्या गावाचं नाव. "नजीकची संस्था" नव्हे, गावाचं नाव. डोस किती आणि कोणाला हे तुमचे डॉक्टर ठरवतील, मी फक्त मराठीची हमी घेते. मजकूर द्या, मी फुकट टाइप करून देते.

तुम्ही बोलत नाही तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही, हेही सांगून ठेवते. गणपतीत चाकरमानी आले की त्यांच्या फोनवरून गावात निरोप फिरतात: साप चावला तर जिभेवर अमुक होमिओपॅथिक थेंब टाका, तीन वेळा टाका, दवाखान्यात जायची गरज नाही. कुत्रा चावला तर जखमेत तिखट भरा. हे निरोप शुद्ध, सोप्या मराठीत असतात. ठळक अक्षरात. त्यांच्यात "सदृश" हा शब्द नसतो. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लस घ्यायला निघा, ती सरकारी दवाखान्यात फुकट आहे, हे तुमचं वाक्य त्याहून सोपं आहे. पण ते माझ्यापर्यंत कोणाच्या फोनवरून कधी आलेलं नाही.

फुकटवरून आठवलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट सगळं निःशुल्क झालं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून कनवटीला दहाची नोट बांधून येतात आणि खिडकीपुढे धरतात. त्यांना कोणी फसवत नाही, नोट परत मिळते. पण ज्या नोट नाही म्हणून घरीच बसल्या त्यांचं काय, ते मोजणारं रजिस्टर नाही. आयुष्मान कार्डाबद्दल तर मी बोलायला लागले तर हे पत्र संपणार नाही. कार्ड मी छापून देते, ते कुठल्या दवाखान्यात आणि कुठल्या आजाराला चालतं ते मला विचारतात, आणि नाही चाललं तर शिव्या मला. आशाताईंचं मानधन वेळेवर का मिळत नाही, तेही वेगळं पत्र.

आपल्याच कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून वहीत नोंदी करायचे: घाम किती, नाडी किती, छातीत पाणी केव्हा भरलं. त्या नोंदींतून रक्तदाबाची एक गोळी, प्राझोसिन, विंचवाच्या विषावर चालते हे जगाला कळलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यातलं वेगळंच आवडतं. ज्या केंद्रात हे झालं ते तुमच्या-आमच्या केंद्रासारखंच, ग्रामीण, साधनं तुटपुंजी असलेलं. आणि लाल विंचू चावल्यावर वेळ घालवू नये, गोळी मिळते, हे पुढे महाडच्या आसपास खेड्यापाड्यांत पोचलं. ती वही कपाटात राहिली असती तर विंचू चावलेल्यांना तिचा काय उपयोग होता?

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ मध्ये म्हटलं आहे की कार्यालयाने माहिती आपणहून जाहीर करावी, लोकांना अर्ज करायची वेळ कमीत कमी यावी. मी अर्ज लिहून देण्याचे तीस रुपये घेते, म्हणजे या कलमाने माझं नुकसानच आहे. तरी त्याची आठवण करून देते.

तर मागणं असं आहे. आमच्या केंद्रावर, खाडीपलीकडच्या केंद्रावर आणि ग्रामीण रुग्णालयावर एकेक फळा. त्यावर आठवड्यातून किमान दोनदा, तारीख-वेळ घालून: प्रतिविषाच्या कुप्या कुठे किती, कुत्र्याची लस कुठे आहे, जखम खोल असेल तर लागणारं सीरम कुठे आहे, आज रात्री डॉक्टर कोण, रात्री उचलला जाणारा नंबर कोणता. तिन्हीकडे तिन्ही ठिकाणची माहिती. त्याचा एक फोटो आशांच्या ग्रुपवर, तिथून तो गावात आपोआप फिरतो, फिरवायला आम्ही आहोत. आणि ई-औषधीचा पासवर्ड निदान रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरकडे असू द्या. वेगळं पद नको, निधी नको, निविदा नको.

आमच्या केंद्रापुरता फळा मी सुताराकडून करून घेतला आहे. चार बाय तीन, काळा रंग दोन हात मारलाय, रकाने पांढऱ्या पेंटने आखून घेतलेत. दुकानात उभा आहे, गिऱ्हाईकं विचारतात कशाचा म्हणून. गडग्याची कामं सुरू झाली आहेत, भावोजीही परवापासून दगड उचलायला लागलेत, हातात चामड्याचे मोजे घालून. फळा लावायची परवानगी आणि जागा तेवढी कळवा. भिंत आतली देऊ नका, रस्त्याकडची द्या. फाटक सातला लागतं.

आपली,
गावच्या सेवा केंद्रातली ताई